हत्याराचें प्रयोजन आणि संग्राहकाचा अधिकार

ज्या वस्तूचें प्रयोजन संपलें आहे तिचा संग्रह करणाऱ्यास कोणी दोष देत नाहीं. चलनांतून गेलेलें नाणें, शिक्का बसलेलें टपालाचें तिकीट, ज्या युद्धाचीं कारणेंही लोक विसरले त्या युद्धांतील तरवार, यांना कपाटांत बसविलें म्हणून त्यांचें कांहीं हिरावून घेतलें असें होत नाहीं. किंबहुना तरवारीच्या बाबतींत ती कांचेआड राहिली याचा आनंदच मानावयास हवा. परंतु जी वस्तु आजही आपलें काम पहिल्या दिवसाइतक्याच चोखपणें करूं शकते तिला कामावरून काढून केवळ पाहण्यासाठीं जवळ ठेवणें कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. आम्हांस तो सुचला अगदीं लहान हत्यारांच्या निमित्तानें, आणि त्यांच्याच आधारें तो येथें तपासून पाहण्याचा विचार आहे. हत्यारें लहान म्हणून प्रश्नही लहान, असें मात्र वाचकांनीं आधींच ठरवून टाकूं नये.

आमच्याकडील कारखान्यांत ज्यास गोटी पाना म्हणतात तें हत्यार मोटारीच्या दुरुस्तीच्या वेळीं बहुतेकांनीं पाहिलेलें असतें. नटावर बसणारी पोलादी गोटी वेगळी आणि ती फिरविणारा दांडा वेगळा. दांड्याच्या टोकाशीं चौकोनी खुंटी, गोटीच्या पाठीशीं तसेंच चौकोनी भोक. खुंटी भोकांत बसली कीं दोहोंचें मिळून एक हत्यार होतें. या खुंटीच्या मापावरून संचाची जात ठरते. मोठ्या यंत्रांसाठीं एक इंच व पाऊण इंच, मोटारीच्या सर्वसाधारण कामासाठीं अर्धा इंच व तीन अष्टमांश इंच, आणि या कुटुंबांतील धाकटें भावंड म्हणजे पाव इंच. जेथें मोठा पाना शिरत नाहीं, जेथें नट हरभऱ्याएवढा असतो आणि अधिक जोर लावला तर बोल्टच तुटून हातांत येतो, अशा नाजूक जागीं या धाकट्याचें काम. या लहान संचांवर विशेष लोभ असणारा संग्राहकांचा एक वर्ग आहे, आणि तो मुख्यत्वेंकरून अमेरिकेंत आहे. कारण हीं हत्यारें विपुल प्रमाणांत तेथेंच घडलीं आणि तेथेंच झिजलीं.

कल्पना तशी जुनी आहे. गोट्या बदलतां येतील अशा रॅचेटच्या पान्याचें पेटंट व्हर्माँटमधील वुडस्टॉक गांवच्या रिचर्डसन नांवाच्या गृहस्थानें १८६३ सालीं घेतलें होतें, आणि पुढल्याच वर्षीं त्याचें चित्र ‘सायंटिफिक अमेरिकन’ पत्रांत आलें होतें. परंतु जगाला ज्या गोष्टीची गरज भासलेली नाहीं ती गोष्ट शोधून काढणारास वाट पाहावी लागते. मोटार घरोघर होईपर्यंत गोटी बहुधा दांड्याला कायमचीच जोडलेली असे, आणि जितकीं मापें तितकीं हत्यारें कारागिरास वागवावीं लागत. १९२० सालीं मिलवॉकी येथें जोसेफ जॉन्सन यानें एका सोबत्यासह स्नॅप-ऑन ही कंपनी काढली ती या एका मुद्द्यावर: पांच दांडे आणि दहा गोट्या घ्या, म्हणजे पन्नास पान्यांचें काम होईल. हिशेब बिनचूक होता, व तो पटण्यास कारागिरास कोणाच्या व्याख्यानाची आवश्यकता नव्हती. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत अनेक कारखान्यांनीं हीं हत्यारें काढलीं, आणि त्या कालखंडांतील माल हाच आज संग्राहकांच्या आवडीचा विषय आहे.

आतां या आवडीचें स्वरूप पाहूं. पत्र्याची एक पेटी, कोटाच्या खिशांत मावेल एवढी. तिच्यांत दहाबारा गोट्या, एक रॅचेट, एक आडवा दांडा, एक लांबी वाढविणारा तुकडा. रॅचेट कानाशीं धरून फिरविला तर आंतल्या दंतचक्रावरून घसरणारी खिटी टिकटिक करते. चक्राला चोवीस दांते असतील तर दर टिकेला पंधरा अंश. दांते वाढविले तर हात थोडा हलवूनही काम भागतें, परंतु प्रत्येक दांता तितका बारीक व अशक्त होतो. म्हणजे त्या टिकटिकीत एक तडजोड ऐकूं येते. जागेची अडचण आणि पोलादाची ताकद यांच्यांत त्या आंखणी करणारानें कोठें रेघ ओढली तें कळतें. लहान गोटीची भिंतही अशीच बोलकी आहे. साध्या पोलादाची गोटी फुटूं नये म्हणून जाड करावी लागते, आणि जाड झाली कीं अडचणींत शिरत नाहीं. क्रोमियम व व्हॅनेडियम यांचा अंश घातलेलें पोलाद आल्यावर तीच भिंत पातळ करतां आली. वर पूर्वीं निकेलचा मुलामा असे, मागाहून क्रोमियमचा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हे दोन्ही धातु लढाईच्या कामीं लागले, तेव्हां हत्यारें कॅडमियमचा फिका लेप घेऊन किंवा नुसत्या काळ्या रंगांत बाहेर पडूं लागलीं. जाणता माणूस अशा काळवंडलेल्या गोटीस हीन समजत नाहीं. तिच्या रंगावरूनच तो तिचें वर्ष अदमासतो. (कॅडमियमचा लेप तारेच्या कुंचल्यानें घांसूं नये, त्याची धूळ विषारी असते. संग्राहकाचा उत्साह त्याच्या फुप्फुसांस महाग पडूं नये म्हणून हें येथें सांगून ठेवितों.)

इतक्या गुणांनीं युक्त अशी वस्तु कोणास आवडली तर नवल नाहीं. परंतु आक्षेपकाचें म्हणणें असें कीं, हे सर्व गुण कामासाठीं आहेत. दांत्यांची संख्या कामासाठीं, पातळ भिंत कामासाठीं, मुलामासुद्धां गंज चढून काम अडूं नये म्हणून. कामच काढून घेतल्यावर गुणांचें कौतुक करणें म्हणजे गवयास मौन पाळावयास लावून त्याच्या गळ्याची वाहवा करण्यासारखें आहे. हा आक्षेप आम्हांस खरोखर वजनदार वाटतो, व त्याला जें उत्तर नेहमीं दिलें जातें तें मात्र पुरेसें वाटत नाहीं. तें उत्तर असें कीं, नवीं हत्यारें आज स्वस्त व मुबलक आहेत. एका संग्राहकानें शंभर जुन्या गोट्या कपाटांत ठेविल्या म्हणून कोणा कारागिराचा धंदा बसत नाहीं. हें खरें आहे. पण त्यानें एवढेंच सिद्ध होतें कीं संग्राहक दुसऱ्याचें नुकसान करीत नाहीं. नुकसान न करणें ही नीतीची पहिली पायरी झाली; तिच्यावरच बैठक मारून कोणी शिखर गांठल्याचा आव आणूं नये.

अधिक खोल उत्तर शोधावयाचें तर सौंदर्य व प्रयोजन यांच्या नात्याकडे वळलें पाहिजे. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत सौंदर्याचे दोन प्रकार मानले आहेत. फुलाचें सौंदर्य मोकळें. तें पाहतांना फूल कशासाठीं आहे हें ठाऊक असावें लागत नाहीं. घोड्याचें किंवा इमारतीचें सौंदर्य बांधलेलें. ती वस्तु कशी असावयास हवी याची कल्पना मनांत असल्यावांचून तें कळत नाहीं. हत्याराचें सौंदर्य या दुसऱ्या प्रकारांत पडतें हें उघड आहे. ज्यानें आयुष्यांत एकही नट फिरविला नाहीं त्यास पातळ भिंतीची गोटी ही केवळ एक चकचकीत नळी दिसेल. म्हणून संग्राहकास हाताचें ज्ञान थोडें तरी हवेंच. नाहींतर तो हत्यारें जमवीत नसून चकाकी जमवीत असतो.

परंतु याची दुसरीही बाजू आहे, आणि आक्षेपक ती विसरतो. हायडेगर यानें १९२७ सालीं हातोड्याच्या उदाहरणानें दाखविलें कीं, हत्यार नीट चाललेलें असतें तेव्हां तें वापरणाराच्या नजरेंतून नाहींसें होतें. लक्ष असतें खिळ्याकडे. हातोड्याची आठवण होते ती तो मोडल्यावर किंवा सांपडेनासा झाल्यावर. मग असें म्हणावें लागेल कीं, ज्या कारागिरानें तीस वर्षें एकच रॅचेट वापरला त्यानें तो फार थोडा वेळ पाहिला. त्याची खुंटी किती सफाईनें घांसली आहे, दांड्यावरचीं अक्षरें कोणत्या वळणाचीं आहेत, हें पाहावयास त्यास सवड नव्हती. गिऱ्हाईक दारांत उभें होतें. हत्याराचें हें अर्धें स्वरूप निरुद्योगी नजरेलाच दिसतें. तेव्हां संग्राहक कामाचा अपहार करतो हें जितकें खरें, तितकेंच त्या कामानें झांकून टाकलेली गोष्ट तो उघडी करतो हेंही खरें. दोघांनाही वस्तूचें अर्धेंच ज्ञान असतें. आणि कोणतें अर्धें श्रेष्ठ हा वाद, निदान आम्हांस, निष्फळ वाटतो.

येथपर्यंत संग्राहकाचा पक्ष टिकतो. तो डळमळूं लागतो तो पुढें, पूर्णतेच्या हव्यासापाशीं. संच म्हटला कीं त्यांत सर्व मापें असलीं पाहिजेत; एक घर रिकामें राहिलें तर तें दात पडलेल्या तोंडाप्रमाणें डोळ्यांस खुपतें. आतां पाव इंचाची खुंटी सर्वमान्य होण्यापूर्वीं कांहीं कारखाने लहान संच नऊ बत्तिसांश इंचाच्या खुंटीचे करीत. फरक बत्तिसाव्या हिश्शाचा, म्हणजे मिलिमीटरहूनही कमी. पण तेवढ्यानें एकाची गोटी दुसऱ्याच्या दांड्यावर बसत नाहीं. ही जात पुढें बंद पडली, आणि तिच्या गोट्या आतां नव्यानें कोणी घडवीत नाहीं. अशा संचांतील एक हरवलेली गोटी भरून काढावयाची तर ती दुसऱ्या एखाद्या संचांतूनच यावी लागते. बाजारांत संच फोडून गोट्या सुट्या विकणारे विक्रेते निघाले ते यामुळेंच. सुट्या विकण्यांत पैसा अधिक मिळतो. एकाचें घर भरावें म्हणून दुसऱ्याचें मोडावें, आणि त्यास जतन म्हणावें, हा व्यवहार आम्हांस विपरीत वाटतो.

मिलिंद राजास नागसेनानें विचारलेला प्रश्न येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. रथ म्हणजे चाक काय, आंस काय, जूं काय? यांपैकीं एकही रथ नव्हे, आणि हीं सर्व बाजूला काढलीं तर रथ म्हणून निराळें कांहीं उरतही नाहीं. गोट्यांच्या संचाचें तसेंच आहे. पण आम्ही त्यांत एक भर घालूं. एकाच पेटींत, एकाच माणसाच्या हाताखालीं चाळीस वर्षें काढलेल्या गोट्यांना एक सामायिक झीज असते. ज्या मापाचा नट नेहमीं लागे ती गोटी आंतून गुळगुळीत झालेली, क्वचित् लागणारी जवळजवळ कोरी. आणि एखादें माप मुळींच नाहीं, कारण तें कधीं तरी इंजिनाच्या खोबणींत पडलें व परत मिळालें नाहीं. तें रिकामें घर हा त्या संचाच्या चरित्राचाच भाग आहे. बाहेरून आणलेली चकचकीत गोटी तेथें बसविली म्हणजे संच पुरा होतो, पण त्याची हकीकत खोटी होते. ज्यास संच वापरावयाचा आहे त्यानें खुशाल भर घालावी, त्याला माप हवें आहे. ज्यास जपावयाचा आहे त्यानें रिकामें घर रिकामें ठेवण्याचें धैर्य दाखवावें असें आमचें मत आहे. संग्राहकांना तें रुचणार नाहीं हें आम्ही जाणतों.

याहून नाजूक प्रश्न नांवाचा आहे. अमेरिकेंत मोटारदुरुस्तीचा कारागीर आपलीं हत्यारें स्वतःच्या पैशानें घेतो. कारखाना त्याचा नसला तरी पेटी त्याची असते. चार माणसांच्या हत्यारांत आपलें मिसळूं नये म्हणून तो विजेच्या लेखणीनें दांड्यावर आपलीं आद्याक्षरें कोरतो. पुढें तो वारतो, घरचे लोक सामान विकून टाकतात, आणि पेटी संग्राहकाकडे येते. बाजाराच्या दृष्टीनें कोरलेलीं अक्षरें हा दोष; त्यानें किंमत उतरते. म्हणून कित्येक जण तीं घांसून काढतात व वर नवा मुलामा चढवितात. त्यांत गंमत अशी कीं, मुलाम्यापूर्वीं पोलाद इतकें घांसावें लागतें कीं कारखान्याचा ठसाही बोथट होतो, आणि ज्या ठशासाठीं ही वस्तु घेतली तोच धूसर होऊन बसतो. परंतु हा झाला केवळ नुकसानीचा विचार. आम्हांस खरी अडचण वाटते ती दुसरीकडे. गंज काढणें आणि नांव काढणें या दोन क्रिया हातांना सारखीच मेहनत देत असल्या तरी सारख्या नाहींत. गंज वस्तूवर वेळेनें आणलेला, त्यावर कोणाचा हक्क नाहीं. नांव एका माणसानें हेतूपूर्वक घातलेलें, ‘हें माझें’ एवढें सांगण्यासाठीं. तो माणूस गेला, वस्तूवरचा त्याचा हक्क कायद्यानें संपला, हें मान्य. तथापि विकत घेणारास वस्तु मिळते. ती पूर्वीं कोणाचीच नव्हती असें भासविण्याचा अधिकारही तेवढ्याच पैशांत मिळतो काय? देवळाच्या पायरीवरील दात्याचें नांव आम्ही पुसत नाहीं. वास्तविक त्या दात्यानें पायरी नुसती दिली, येथें तर माणूस तिच्यावर रोज उभा राहिला आहे.

हत्याराविषयींची अगदीं उलट दृष्टि पाहावयाची असल्यास ती सियर्स या प्रचंड दुकानदारानें १९२७ पासून चालविलेल्या क्राफ्ट्समन या नांवाच्या मालांत सांपडते. त्या हत्यारांची हमी आजन्म होती. रॅचेट मोडला तर दुकानांत द्यावा आणि बदला दुसरा घेऊन जावें. पावती लागत नसे, प्रश्न विचारले जात नसत. (२०१७ सालीं हें नांव दुसऱ्या कंपनीनें विकत घेतलें.) येथें गिऱ्हाईक जें विकत घेतो तें पोलाद नव्हे, वचन, पोलाद मोडलें तरी वचन टिकतें, आणि प्रत्येक रॅचेट दुसऱ्या रॅचेटइतकाच चांगला. कारागिरास हें सोयीचें, आणि त्यांत गैरही कांहीं नाहीं. संग्राहक मात्र मोडलेला जुना रॅचेट बदलून घेण्यास जाणार नाहीं. त्यास वचन नको, हाच रॅचेट हवा. त्या हट्टांत भाबडेपणा आहे, तरी ज्या काळांत प्रत्येक वस्तूस तिच्यासारखीच दुसरी वस्तु हें पुरेसें उत्तर समजलें जातें, त्या काळांत एवढा भाबडेपणा कोणीतरी शिल्लक ठेवला हें आम्हांस बरें वाटतें.

याच दुकानाशीं जोडलेली आणखी एक हकीकत कौतुक करणारानें ठाऊक करून घ्यावी. रॅचेटच्या डोक्यावर एक बटण असतें. तें दाबलें कीं गोटी आपोआप सुटते, आणि तेलकट बोटांनीं ओढाताण करावी लागत नाहीं. ही युक्ति पीटर रॉबर्ट्स या, मॅसॅच्युसेट्समधील गार्डनर येथें सियर्सच्याच दुकानांत विक्रीचें काम करणाऱ्या, अठरा वर्षांच्या मुलानें काढली. कंपनीनें तिचे हक्क घेतले आणि त्यास एकूण दहा हजार डॉलर दिले. मालाचा खप मात्र अफाट झाला. १९६९ सालीं त्यानें फिर्याद केली. कंपनीनें युक्तीचें खरें मोल त्यापासून लपविलें असें ज्यूरीस आढळलें, आणि तिनें त्यास दहा लाख डॉलर देवविले. त्यानंतरही दावा अनेक वर्षें चालला. आतां असा प्रश्न येतो कीं, त्या बटणाच्या पहिल्या वर्षांतील रॅचेट हातांत घेऊन त्याच्या सुबकतेची वाखाणणी करतांना ही फसवणूक आठवावी कीं विसरावी? सौंदर्याचा आस्वाद शुद्ध असावा, त्यांत इतिहासाची कटकट नको, असें म्हणणारे आहेत. परंतु हेच लोक ‘हा युद्धकाळांतील’, ‘हा पहिल्या वर्षाचा’ म्हणून त्याच इतिहासाचे पैसे मोजतात. इतिहास किंमत वाढवितो तोपर्यंत घ्यावा, आणि मनास टोचूं लागला कीं सोडावा, हें चालणार नाहीं.

आमच्याकडे या प्रकारच्या संग्रहास फारशी परंपरा नाहीं, आणि अमेरिकन इंची मापाच्या गोट्यांना येथें कामही थोडेंच उरलें आहे. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं; त्यापूर्वींच्या विलायती यंत्रांचे नट तर व्हिटवर्थच्या मापाचे, ज्यांत पान्यावरचा आंकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. मुंबईच्या चोरबाजारांत अशी एखादी गोटी मिळालीच तर तिच्यापुढें कपाट कीं नट असा प्रश्न नसून कपाट कीं भट्टी असा असतो, आणि तेथें संग्राहकास कोणी जाब विचारूं नये. मात्र हत्याराशीं कसें वागावें याचा एक विचार आमच्या लोकांनीं खंडेनवमीच्या निमित्तानें केलेला आहे. त्या दिवशीं कारागीर हत्यार धुतो, पुसतो, त्यास हळदकुंकू वाहतो आणि कामास लावीत नाहीं. वर्षांतून एक दिवस तो त्याकडे पाहतो. हें पाहणें बाकीच्या दिवसांच्या कामावर उभें आहे; पण त्या एका दिवसावांचून बाकीचे दिवसही जरा मुके राहिले असते. संग्राहकाकडे बरोबर उलटें झालेलें असतें: त्याच्या कपाटांत बारा महिने नवमी, आणि दशमी कधीं उजाडतच नाहीं.

ती उजाडावी यासाठीं त्यानें फार कांहीं करावयास नको. महिन्यांतून एकदां रॅचेटला तेलाचा थेंब, घरांतील शिवणयंत्राचा वा सायकलचा एखादा सैल झालेला नट, माप जुळत असेल तर. शेजारचा उमेदवारीवर असलेला मुलगा मागावयास आला तर ‘हें देण्याचें नाहीं’ असें न म्हणतां पेटी उघडून देणें. मुलगा गोटी हरवील ही भीति खरी आहे. परंतु ती पेटी ज्याच्या हातून आली त्यानेंही एक हरवलीच होती. नऊ बत्तिसांश इंचाच्या संचाचें काय करावें हा प्रश्न मात्र राहतो. त्या रॅचेटवर आजची गोटी बसणार नाहीं. म्हणून मुलास द्यावयाचें तर दांडा आणि त्याच्या उरलेल्या गोट्या मिळून सगळेंच द्यावें लागेल, आणि परत येतांना त्या मोजून घ्याव्या लागतील.